लिंबू

दस्तगीर वस्तादांनी पहिले सहा महिने
मला पट्ट्याला हात लावू दिला नाही.
हौद्यातली माती उकरायची, ताक-हळद घालून तुडवायची,
कोनाड्यातल्या पंजापुढची ऊदाची राख काढायची
आणि दम मोजायचा.
"किती झालं?"
"तीनशे, वस्ताद."
"मोजत हुतास व्हय? मग परत."

कसबे डिग्रजची तालीम, पत्र्याची. मागं ऊस,
पुढं डेअरी. पहाटे किटल्या खणखणायच्या,
त्या आवाजात त्यांची नमाज आणि आमचे दंड.
त्यांचं कपाळ भुईला, आमची छाती.
गुरुवारी सायकल काढून मिरजेला जायचे, दर्ग्यात.
परतताना हँडलला लिंबांची पिशवी.

मी मगदूमाचा. घरी दिवस बुडायच्या आत जेवण,
पाणी गाळून. आई मुंगीला वाट देणारी.
म्हणाली, "पट्टा कशाला रं? कुणाला कापणार हाईस?"
वस्तादांना सांगितलं, तर हसले.
"तुझं आडनाव आमच्यातनं आलंय, लेका.
मखदूम. ज्याची चाकरी करायची, तो.
आईला सांग, कापायचा एकच हाय,
अन् त्यो तुझ्याच लंगोटात बसलाय."
आईला मी एवढंच सांगितलं: लिंबू.

मोहरमात, कत्तलच्या राती,
ते लिंबू माझ्या तळहातावर ठेवलं.
त्या साली त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता,
उजव्यात अर्धा.
तालमीत तिघांनाच ठाऊक होतं. त्यातला मी एक.
हलगी थांबली.
ओलं धोतर झटकावं तसा आवाज, दोनदा.
ते माझ्याकडं बघत नव्हते.
मान कलती करून ऐकत होते
माझा श्वास कुठं वळतो ते.
लिंबाची दोन झाली. एक बी
आयुष्यरेषेवर चिकटून राहिली.
गर्दी ओरडली. ते म्हणाले, "हू."
म्हणजे होय, की तो, की नुसता सोडलेला दम,
विचारायचं धाडस झालं नाही.

पुढच्या साली त्यांनी स्वतःचा हात पुढं केला.
"आता तू."
मी चांगला होतो. खरंच चांगला होतो.
डिग्रज, समडोळी, कवठेपिरान,
तीन गावांत माझ्यासारखा पट्टा नव्हता
आणि पातं खाली येताना
नेमकं तेवढंच माझ्या डोक्यात होतं.

लिंबू कापलं. अंगठ्याच्या मुळाशी
दोन गव्हांएवढी कातडीही.
कुणाला दिसलं नाही. त्यांनी मूठ मिटली,
रस जखमेत मुरेस्तोवर मिटूनच ठेवली,
दुसऱ्या हातानं माझ्या पाठीवर थाप मारली.
हलगी सुरू.
रात्री हौद्याच्या कडेला मी रडत बसलो, तर शेजारी टेकून म्हणाले,
"बघ. सापडला का न्हाई त्यो?"

दस्तगीर म्हणजे हात धरणारा,
हे मला फार उशिरा कळलं.
माझा हात त्यांनी कधी धरला नव्हता.
खोबळ्यात बोटं कशी बसवायची, तेसुद्धा
लांबून, दातवणाच्या काडीनं दाखवायचे.

ते गेले थंडीत. खांदा मीही दिला.
मग एकोणीसचा पूर आला,
तालमीत पत्र्यापर्यंत पाणी. पंजा आधीच वर नेला होता;
माती मात्र गेली,
तीस-चाळीस वर्षांच्या घामासकट खाली वाहत.

नवी माती आष्ट्याहून आणली, दोन ट्रॉल्या.
अजून तिला वास नाही.
नदाफांची शमा येते, दहा वर्षांची,
हट्टी, गुडघे फुटलेली.
तिला अजून पट्टा दिलेला नाही.
सोमवारी विचारलं, "किती झाले?"
तिनं डोळे उघडले, जरा वेळानं म्हणाली,
"कशाचे?"

मी बाहेर येऊन
उसाकडं बघत उभा राहिलो.